‘आई म्हणजे त्यागमूर्ती’च्या पुढे काय लिहू?

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आमची आई गेल्या श्रावणात गेली. चौऱ्याण्णव वर्षांची होती. जन्म १९३१ चा, माहेर सासवडचं. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी झालेली. १९५१ साली लग्न होऊन नारायण पेठेतल्या वाड्यात आली. १९८६ पासून आम्ही कोथरूडला. आम्ही तीन भावंडं, तिला सात नातवंडं आणि चार पतवंडं. येत्या श्रावणात वर्षश्राद्ध आहे आणि त्या दिवशी सोळा पानांची स्मरणिका काढायची असं ठरलंय. मी बँकेत परिपत्रकं लिहायचो, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘आमची आई म्हणजे त्यागाची मूर्ती’ एवढं लिहून तीन आठवडे झाले, पुढे पेन हलत नाही.

शिवाय घरात तीन तऱ्हा. दादा म्हणतो, चांगलं तेवढंच लिही. आईने पानशेतच्या पुरानंतर पाच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि १९६७ साली आमच्या आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा नोकरी सोडली. आजी पुढे सहा वर्षं अंथरुणावर होती. दादाचं म्हणणं, आजीची सेवा लिही, नोकरीचं नको, उगाच बाबांवर शिंतोडे उडतील. अक्का म्हणते, शेवटची दोन वर्षं नकोत. आई तेव्हा मला अण्णा, म्हणजे तिचा भाऊ, समजायची. आम्हाला ओळखेनाशी झाली होती, पण दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, मात्र न चुकता म्हणायची. माझी मुलगी म्हणते, आजी बदाम सातमध्ये लबाडी करायची हे येणार नसेल तर मला तुमची स्मरणिका नको.

लग्नाचा फोटो पानशेतमध्ये गेला. तिच्या ट्रंकेत अकरा वर्षांची कालनिर्णयं निघाली, दूध-रॉकेल-इस्त्रीचं काहीबाही लिहिलेली. रद्दीत टाकवत नाहीत. एका पानाचे, दोन्ही बाजूंचे फोटो सोबत पाठवतो. नऊवारी लुगडी आणि शिवणाचं मशीन यांचंही काय करावं ते सुचवा.

— एक मुलगा (वय ६६), कोथरूड

---

नमस्कार.

पत्र वाचून आधी तुमच्या कालनिर्णयाच्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. त्यावर शेवटी बोलू.

पहिलं काम, ते वाक्य खोडा. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण त्याच्यापुढे लिहायला जागाच नाही. मूर्तीला कोणी सकाळी उठून काय केलं असं विचारतं का? तुम्ही आईला चौथऱ्यावर बसवलंत आणि आता ती तिथून उतरून चूल पेटवेना, म्हणून पेन अडलं.

मला हे अनुभवाने कळलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा वर्तमानपत्रातल्या ‘प्रथम पुण्यस्मरण’चा मजकूर मी लिहिला होता. त्यात ‘अन्नपूर्णा’ हा शब्द मोठ्या हौसेने घातला. छापून आल्यावर सकाळी आठला मोठ्या वन्संचा फोन. म्हणाल्या, “अगं, तिला स्वयंपाकाचा कंटाळा होता. जन्मभर. तिला सिनेमाला जायला आवडायचं.” मी त्यांच्या हातचं वीस वर्षं जेवले होते आणि एकदाही विचारलं नव्हतं. शेजारच्या चौकटीतल्या कोणाचाही फोटो त्या मजकुरावर चिकटवला असता तरी चालला असता, असा तो मजकूर होता.

आता तुमच्या पत्राकडे येते. त्यात खूप आहे, फक्त तुम्ही ते ‘सेवा’ या दोन अक्षरांत गुंडाळून ठेवलंय. अर्धांगवायूच्या माणसाची सेवा म्हणजे काय हे तुमच्या पतवंडांना, म्हणजे आईच्या हो, माहीत असायचं कारण नाही. ते लिहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचांना, खुब्याला कातडी लाल होते आणि मग जखमा पडतात. दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा. १९६७ साली आजच्यासारखे डायपर नव्हते. जुन्या लुगड्यांचे तुकडे होते, ते रोज धुवायचे, आणि पावसाळ्यात वाड्याच्या माडीवर दोऱ्या बांधून वाळवायचे. भरवताना मान किती उचलायची, घास गालात राहून जात नाही ना, हे बघायचं. हे सगळं तीन शाळकरी मुलांच्या डब्यांमधून. सहा वर्षं म्हणजे दोन हजारांवर रात्री होतात.

आजींच्या पाठीला जखमा झाल्या होत्या का? तुम्ही लिहिलं नाहीत. दादा तेव्हा चौदा वर्षांचे असतील, अक्का अकराच्या. त्यांना नक्की आठवेल. तुम्ही आठ वर्षांचे, तुम्हालाही वास आठवेल, डेटॉलचा किंवा शेकाच्या धुराचा. रात्री दोन वाजता कोण उठायचं तेही विचारा. बाबा उठत असतील तर ते लिहा, त्यांच्यावरचे शिंतोडे आपोआप धुतले जातील. उठत नसतील तर त्याबद्दल एक अक्षर लिहू नका. ‘रात्री दोनला आई उठायची’ एवढंच लिहा, वाचणारा दुधखुळा नसतो.

नोकरीचं मात्र लिहायचंच. दादांची भीती मला समजते, त्या पिढीतल्या थोरल्या मुलांवर वडिलांची अब्रू सांभाळायची जबाबदारी न सांगता येऊन पडलेली असते. त्यांना सांगा की आपण फिर्याद लिहीत नाही. ‘१९६२ साली आई शाळेत शिकवायला लागली. १९६७ साली आजीला अर्धांगवायू झाला आणि तिने नोकरी सोडली.’ दोन वाक्यं, ‘दुर्दैवाने’ नाही, ‘हसतमुखाने’ही नाही. ती हसतमुखाने सोडली का, हे तुम्हाला माहीत नाही. मला तर त्यात बाबांपेक्षा आईचाच मोठेपणा दिसतो. फायनल झालेली बाई अकरा वर्षं घरात बसून, तीन मुलं झाल्यावर, पुरात घर धुऊन निघाल्यावर शाळेत जाऊन उभी राहते, हे सोपं होतं का? आणि सोडताना तिने काय सोडलं हे कळल्याशिवाय त्या सहा वर्षांची किंमत वाचणाऱ्याला कशी कळणार? दादांना हवी असलेली ‘सेवा’ दादांना नको असलेल्या नोकरीशेजारी ठेवली तरच दिसते.

तुम्ही पुढे जाता जाता लिहिलंय की आई शेवटपर्यंत दिडकी म्हणायची. घरात बसलेली बाई दिडकी इतकी घोटून ठेवत नाही. ती पुढेही कोणाला तरी शिकवत असावी. वाड्यातल्या, नंतर कोथरूडच्या इमारतीतल्या मुलांना संध्याकाळी बसवायची का? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी? शोधा. ती मुलं आता पन्नाशीची झाली असतील आणि त्यातल्या एकाला तरी ‘सात दीडे साडेदहा’ ऐकलं की आईचा आवाज आठवत असेल.

आता ‘कधी काय झालं ते कोणालाच धड आठवत नाही’ ही अडचण येणार. सन विचारलात तर घरचे अंदाजे ठोकतील. सन विचारू नका, घटना विचारा. पुण्याच्या माणसाला घटना बरोबर आठवतात. १२ जुलै १९६१, पानशेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा भांडी वाजली. आजींना कोणी कसं उचललं? १९७१ च्या लढाईतला ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद कोणी चिकटवले? १९७२ चा दुष्काळ आणि रेशनवरचा तो लाल मिलो, त्याच्या भाकऱ्या थापताना ती काय पुटपुटायची? फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणात तिने मुलांना घरात कोंडून ठेवलं की गच्चीवर पाठवलं? आणि २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस! ती चमचा घेऊन देवळात गेली होती का, की ‘मेल्यांनो, दुधाचा भाव बघा’ म्हणाली? या एका प्रश्नावर तुमची तिन्ही भावंडं अर्धा तास बोलतील आणि आईचा सगळा स्वभाव त्यात येईल.

पानशेतचं तर तुम्ही स्वतःच सोन्यासारखं काहीतरी मागे ठेवलंय. फोटो गेला, एवढंच लिहिलंत. आईने काय वाचवलं? मी काही दिवसांपूर्वी याच वाड्यांच्या पट्ट्यातल्या एका बाईंशी बोलत होते, त्यांच्या सासूने पाणी चढायला लागल्यावर सगळ्यात आधी पिण्याच्या पाण्याच्या कळशा माडीवर नेल्या होत्या. घरचे ओरडत होते की सगळीकडे पाणीच पाणी आहे आणि ही पाणी कसलं वाहतेय. पण पानशेतपाठोपाठ खडकवासला फुटलं होतं, शहराला पाणी देणारं धरणच रिकामं झालं. पूर ओसरल्यावर घराघरात चिखल आणि नळ कोरडे. पेठांतल्या विहिरी आणि जुने हौद पुन्हा कामाला आले. त्या सासूबाईंनी हे सगळं गणित आधी केलं होतं की नुसतं हाताने सुचलं, देव जाणे. तुमची आई तेव्हा तिशीची, कडेवर तुम्ही दोन वर्षांचे. तिने दुसरा हात कशाला घातला? दादांना विचारा, ते आठ वर्षांचे होते, आठ वर्षांच्या मुलाला पूर जन्मभर आठवतो.

विचारायची पद्धत सांगते. ‘आई कशी होती?’ असं विचारलंत की ‘फार प्रेमळ’ असं उत्तर येतं आणि चहा येतो. चिमटीत सापडेल असं विचारा. आई चिडली की काय आपटायची? तिला कोणती भाजी आवडायची नाही आणि तरी ती करायची? ती एकटी कुठे जायची? पैसे कुठे लपवायची? आणि घराबाहेरच्यांना विचारा. भांडी घासायला येणाऱ्या मावशी, खालचा इस्त्रीवाला, सासवडच्या मामी असतील तर त्या सगळ्यात आधी. घरच्यांना आई ठाऊक असते, मामींना ती नणंद म्हणून, नऊवारीचा काचा मारून चिंचेवर चढणारी मुलगी म्हणून ठाऊक असेल. मोबाइल समोर ठेवून रेकॉर्ड करा. टिपणं काढत बसू नका, लिहिणाऱ्याकडे बघून माणसं शुद्ध बोलायला लागतात आणि शुद्ध बोलायला लागली की खोटं बोलतात. हे काम आधी उरका. मामींचं वय मी विचारत नाही, पण तुम्ही स्वतःला विचारा.

शेवटच्या दोन वर्षांबद्दल मी अक्कांच्या अर्ध्या बाजूने आहे. औषधं, अंथरूण, कुठल्या दिवशी काय झालं, हे स्मरणिकेत नको. ते तुम्ही तिघांनी पाहिलंय, तिघांत राहू द्या. पण ‘अण्णा’ लिहा. विस्मरणाच्या आजारात नवं आधी पुसलं जातं आणि जुनं, लहानपणी घोकलेलं पुष्कळदा शेवटपर्यंत टिकतं. चौऱ्याण्णव वर्षांतली कोथरूडची चाळीस वर्षं गेली, नारायण पेठ गेली, आणि ती सासवडच्या ओसरीवर पाढे म्हणत बसली होती, शेजारी अण्णा. तुम्हाला ती विसरली याचं तुम्हाला दुःख होतंय ते पत्रात न लिहिताही वाचता येतं. पण तिच्या भावाच्या जागी तिने तुम्हालाच बसवलं होतं ना? तुम्ही ‘हो’ला ‘हो’ देत होतात का, की ‘आई, मी अण्णा नाही’ म्हणून दुरुस्त करत होतात? दुरुस्त करत असाल तर तेही लिहा. सगळीच मुलं करतात, मीही केलं.

मुलीचं म्हणणं शंभर टक्के मान्य करा. तिला एक स्वतंत्र पान द्या आणि त्यावर कात्री चालवू नका, दादांनाही चालवू देऊ नका. आई आणि आजी या एकाच देहातल्या दोन बाया असतात. तुम्हाला दुसरा लाडू मागितला की डोळे वटारणारी बाई नातीला बशीत कॉफी ओतून देत असते, आणि तुम्ही दारात उभे राहून बघत असता की ही कोण? सात नातवंडांचं एकेक वाक्य जरी घेतलंत तरी तुम्हाला तुमच्या आईविषयी नवी माहिती मिळेल. राहता राहिली लबाडी. बदाम सातमध्ये पान अडवून धरणं ही लबाडी नसून खेळच आहे असं माझं ठाम मत आहे. खेळता येत असताना चौकटचा आठ्ठा हातात ठेवून ‘पास’ म्हणणं मात्र लबाडी. तुमच्या मुलीला विचारा, आजी यातलं कोणतं करायची. आठ्ठा लपवणारी असेल तर मला ती बाई भेटायला हवी होती.

छपाईचं पटकन. पानं चारच्या पटीत ठेवा, सोळा ठीक आहेत. मुखपृष्ठावर आईवरच्या प्रसिद्ध कवितेच्या ओळी नकोत, प्रत्येक स्मरणिकेवर त्याच असतात. पुरात फोटो गेले असतील तर नातेवाइकांच्या अल्बमांत शोधा, दुसऱ्यांच्या लग्नातल्या पंगतीत तुमची आई वाढताना मागे उभी सापडेल. तो घ्या. जुने फोटो सहाशे डीपीआयवर स्कॅन करा आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते चुरगळतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपी आणि छपाई करणारे खंडीभर आहेत. प्रूफ मात्र छापील कागदावर वाचा आणि घरातल्या सगळ्यात खडूस माणसाकडून वाचून घ्या. ते दादा असावेत असा माझा अंदाज आहे.

लुगडी ट्रंकेत परत ठेवू नका, घडीवर विरतात. एक नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, दोन-तीन लुगड्यांत मऊसूत गोधडी होते. चार पतवंडांना चार गोधड्या. एखादं जरीचं अक्कांना विचारून त्यांच्याकडे द्या, ‘कोणाला हवं का?’ असं भर घरात विचारू नका. मशीन चालत असेल तर जिला शिवायचंय तिला द्या. शोभेला ठेवून वर कुंडी ठेवण्याचा प्रकार मला बघवत नाही.

आता कालनिर्णय. रद्दी म्हणून मनात आणलंत ते सोडून द्या, तुमची स्मरणिका त्यातच आहे. कालनिर्णय १९७३ साली निघालं आणि लाखो बायकांना पहिल्यांदा भिंतीवर लिहायला जागा मिळाली. तारखेच्या चौकटीत दोन बोटं मावतील एवढी जागा, पण रोजची. तुम्ही पाठवलेलं पान १९७८ च्या ऑगस्टचं आहे. मी भिंग घेऊन बसले. दूध दीड. दूध दीड. दूध नाही. रॉकेल आणले. बाळ ताप. बाळ ताप. बाळ शाळा. हे बाळ म्हणजे बहुतेक शेजारचं कोणी, कारण तुम्ही तेव्हा एकोणीस वर्षांचे होतात. म्हणजे ती दुसऱ्याच्या मुलाचा ताप स्वतःच्या भिंतीवर लिहीत होती. मग ‘गव्हाचे आले’. त्यापुढे जो आकडा आहे तो मला लागला नाही. मागच्या बाजूला, पाककृतीच्या समासात, महिन्याचा हिशेब आहे. दादा बूट. अक्का साडी, फॉल. यांचे चष्मा. फी. इस्त्री. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, ‘मी १.२५’.

सव्वा रुपया. कशाचा ते लिहिलेलं नाही. बाकी सगळ्यांपुढे वस्तू आहे, तिच्यापुढे नुसता आकडा. ती विसरली असेल असं मला वाटत नाही, रॉकेलचे पैसे लिहिणारी बाई विसरत नाही.

अकरा वर्षांची पानं तुमच्याकडे आहेत, म्हणजे एकशे बत्तीस महिने. एका रविवारी जमिनीवर पसरा, मुलीला शेजारी बसवा आणि दुसरं काही न वाचता फक्त प्रत्येक पानाच्या मागे खाली ‘मी’ आहे का ते बघा. रक्कम तीच आहे का, महिन्याच्या कोणत्या आठवड्यात आहे, कुठल्या वर्षी बंद झाली. मग अक्कांना फोन करा आणि आई तेव्हा एकटी कुठे जायची ते विचारा.

कळलं तर मलाही कळवा.